सहा खण

"तो मेला नाहीये अजून. पाय हालतोय बघ त्याचा."

आजी माझ्या मागे खाटेवर बसून वाती वळत होती. माजघरातल्या चौदा इंची टीव्हीवर एक बाई हातात पिस्तूल धरून एका अंधाऱ्या बोळात उभी होती आणि तिच्या पायाशी एक झॉम्बी पालथा पडला होता. मी तीन गोळ्या घालून मोकळा झालो होतो आणि त्याला ओलांडून पुढे निघालो होतो. त्याने घोटा धरला. आजी म्हणाली, "सांगितलं होतं."

२००१ चा मे महिना. दहावीची परीक्षा झाली होती आणि मुंबईला नोकरीला निघालेल्या आतेभावाने त्याचं जुनं प्लेस्टेशन माझ्याकडे टाकलं होतं. नाशिकच्या सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीतला आमचा वाडा, भर दुपारीही ज्याच्या माजघरात दिवा लावावा लागे, आणि त्या माजघरात 'रेसिडेंट एव्हिल'. भुताचा खेळ भुताच्या घरात खेळतोय असं मित्र म्हणायचे. वाड्यात भूत नव्हतं. असतं तर आजीने त्याच्याकडून दळण आणवलं असतं.

त्या दुपारी आजीने मला जे शिकवलं ते नंतर कळलं की खेळातच आहे. त्या पहिल्या 'रेसिडेंट एव्हिल'मध्ये झॉम्बी खरोखर मेला की त्याच्याखाली रक्ताचं थारोळं पसरतं. थारोळं दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. मला हे एका मासिकात वाचून कळलं असतं. आजीला बघून कळलं, कारण तिचं लक्ष पिस्तुलावर नव्हतंच, जमिनीवर होतं.

त्याआधी दोन वर्षं हा खेळ मी अशोक स्तंभाजवळच्या एका तळघरातल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ओळखत होतो. तासाला वीस रुपये. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या कॉपी सीडी, त्या चालाव्यात म्हणून चिप बसवलेली मशीनं, आणि त्यातलं एक मशीन कायम उलटं ठेवलेलं, कारण लेन्स झिजल्यावर सुलट ठेवलं की सीडी वाचायचं नाही. मालकाला सगळे दादा म्हणायचे. खेळ कुठवर आला ते साठवायचं मेमरी कार्ड एकच, ते दादाच्या गल्ल्यात. त्यात पंधरा ब्लॉक, आणि गिऱ्हाइकं पन्नास. दिवाळीच्या सुट्टीत सहा दिवस, म्हणजे एकशे वीस रुपये घालून मी खेळातल्या हवेलीच्या तळघरापर्यंत पोचलो होतो. सातव्या दिवशी गेलो तर माझ्या ब्लॉकवर कुणीतरी फुटबॉलची स्पर्धा साठवून ठेवलेली. दादा म्हणाला, "जाऊ दे ना भो, परत खेळ. तुला आता रस्ता माहितीये." हे त्याचं सांत्वन होतं. मला अजून राग आहे.

पण रस्ता माहीत होता हे खरंच होतं, आणि तरीही भीती गेली नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने २२ मार्च १९९६ ला जपानमध्ये तो काढला. तिथे नाव 'बायोहॅझार्ड'. अमेरिकेत ते नाव वापरता येईना म्हणून 'रेसिडेंट एव्हिल' झालं. दिग्दर्शक शिंजी मिकामी. कंपनीचाच १९८९ चा 'स्वीट होम' नावाचा एक जुना खेळ होता, त्यातही एक झपाटलेली हवेली, थोडी जागा, थोडं सामान. तोच धागा पुढे ओढायचं काम मिकामींकडे आलं. गोष्ट साधी: रॅकून सिटी नावाच्या गावाबाहेर जंगलात माणसं मारली जातायत, पोलिसांचं एक खास पथक तपासाला जातं, त्यांच्यामागे कुत्रे लागतात आणि ते पळत पळत एका हवेलीत शिरतात. मग सगळा खेळ त्या हवेलीत. जिल व्हॅलेंटाइन किंवा ख्रिस रेडफिल्ड, दोघांपैकी एक निवडायचं.

जिलच्या खिशात आठ खण, ख्रिसच्या सहा.

खण हा शब्द माझा. त्या चौकटींना खेळात नुसतं सामान म्हणतात. पण वाड्यात वाढलेल्या माणसाला दुसरा शब्द सुचणार नाही. फडताळाला खण असतात, पेटीला असतात, आणि आमच्याकडे खोलीही खणांनीच मोजायची पद्धत. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण. आमचं माजघर सहा खणांचं. (चोळीचा खण वेगळा, पण आजी त्याचाही हिशोब ठेवायची.) तर ख्रिस घेतला की सहा वस्तू. पिस्तूल एक, गोळ्या दोन, हिरवी वनस्पती तीन, एखादी किल्ली चार. उरले दोन. आता पुढच्या खोलीत काय सापडेल ते घ्यायला जागा ठेवायची की आणखी एक औषध न्यायचं? खेळ थांबवून ठेवायचा असेल तर टाइपरायटर शोधायचा, आणि टाइपरायटरला शाईची फीत लागते. फीत मोजकी. फीतसुद्धा एक खण अडवते. म्हणजे 'इथवरचं माझं जपून ठेव' असं म्हणायलाही खिशात जागा हवी आणि गाठीला काहीतरी हवं.

लोकांना वाटतं हा खेळ झॉम्बींना भ्यायचा. मला तो कायम वाणसामानाच्या यादीसारखा वाटला. पिस्तुलात नऊ गोळ्या आहेत, बोळात दोघं उभे आहेत, एकाला कमीत कमी चार-पाच लागतात, आणि परत याच बोळातून यायचंय. मारू की हुलकावणी देऊ? हे गणित मनात चालू असताना पलीकडून पाय ओढत चालल्याचा आवाज येतो. आवाज येतो आणि दिसत काही नाही, कारण कॅमेरा छताच्या कोपऱ्यात टांगलेला आहे आणि तो त्याच्या मर्जीने बघतो.

या कॅमेऱ्याचं कारण मोठं गमतीचं आहे. तेव्हाच्या मशीनला अख्खी सजवलेली खोली त्रिमितीत उभी करणं झेपत नव्हतं. म्हणून खोल्या आधीच चित्रासारख्या तयार करून ठेवल्या, आणि त्या चित्रासमोर फक्त माणसं आणि झॉम्बी हलते ठेवले. म्हणजे आपल्या संगीत नाटकांतला रंगवलेला पडदा. पडद्यावर राजवाडा, पुढे पात्रं. चित्र एकदा एका कोनातून काढलं की कोन बदलता येत नाही, म्हणून कॅमेरा स्थिर. आणि कॅमेरा स्थिर म्हणून वळणापलीकडचं दिसत नाही. गरिबीतून निघालेली युक्ती पुढे शैली म्हणून नावाजली गेली. दाराचंही तसंच. प्रत्येक दार उघडताना पडदा काळा होतो आणि एक दार सावकाश, करकरत उघडतं. त्या वेळात सीडीवरून पुढची खोली मशीनमध्ये येत असते. आमच्या पार्लरमधल्या उलट्या मशीनवर ते दार मध्येच अडकायचं. अर्ध उघडलेलं दार, आतून लेन्सची कुरकुर, आणि पाचसहा पोरं श्वास रोखून. पलीकडे काय आहे याची भीती, आणि मशीन बंद पडलं तर वीस रुपये गेले याची.

आजीला इंग्रजी येत नव्हतं, खेळ कळायचं कारण नव्हतं. पण हवेली तिला लगेच कळली. "आधी सगळी दारं हालवून बघ. कुठली लागलीयेत ते लक्षात ठेव. मग किल्ली शोध." तिच्या स्वतःच्या कमरेला अकरा किल्ल्यांचा जुडगा होता. दिंडी दरवाजा, माडी, कोठीघर, बळदाची फळी, कागदपत्रांची ट्रंक, देवघरातला चांदीच्या भांड्यांचा डबा, आणखी काही. एकाही किल्लीवर खूण नाही. अंधारात बोटांनी चाचपून ती बरोबर किल्ली काढायची. खेळातल्या किल्ल्यांवर तलवार, चिलखत, ढाल, शिरस्त्राण अशी चित्रं होती. आजीने ती बघून म्हटलं, "चित्रं कशाला? चोराच्या सोयीसाठी?"

अकरातली एक किल्ली कशाची ते तिलाही माहीत नव्हतं. सासूच्या जुडग्यातून आलेली, पितळेची, आखूड. मी एकदा म्हटलं, फेकून का देत नाहीस. म्हणाली, "कुलूप निघेल एखादं कुठेतरी."

या बाबतीत तो खेळ तिच्याहून उदार होता. एखाद्या किल्लीची सगळी दारं उघडून झाली की तो स्वतःच सांगायचा, आता हिचं काम संपलं, टाकून देऊ का? हो किंवा नाही. हो म्हटलं की एक खण मोकळा. मला त्या क्षणी फार बरं वाटायचं. आजीने पहिल्यांदा ते पाहिलं, मला काय विचारलंय ते विचारून घेतलं, आणि पुढचा पूर्ण अर्धा तास ती माझ्याशी बोलली नाही.

तिचं हिशोबीपण मला तेव्हा कंजूषपणा वाटायचं. ते काय होतं हे २००८ च्या पुरात कळलं. मी पुण्याला नोकरीला लागलो होतो, चार दिवस घरी आलो होतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं, गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी आली. नाशिकात पुराचं माप सरकारी आकड्यात कुणी विचारत नाही, मारुतीला कुठवर लागलं एवढंच विचारतात. कमरेला लागलं म्हणजे सराफ बाजारात दुकानं वर उचलायला सुरुवात. छातीला लागल्याचं ओरडत पोरं गेली तेव्हा आजी माडीच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली आणि यादी सांगायला लागली. तेव्हा तिचं वय ऐंशीच्या घरात होतं, उचलणारे आम्ही तिघं, जिना अरुंद, वेळ थोडा.

देव. ट्रंक. तांदळाचा डबा, गव्हाचा राहू दे. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या. रॉकेलचा कॅन आणि स्टोव्ह. पिण्याच्या पाण्याचे दोन हंडे. काडेपेटी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर रबर लावून. बस. बाकीचं राहू दे.

मी मधल्या वेळात माझा कॉम्प्युटरचा डबा वर नेला. खाली आलो तर तिने विचारलं, "काय नेलंस?" सांगितलं. "आणि काडेपेटी?" काडेपेटी खालीच राहिली होती. मी परत उतरलो. चौकात पाणी घोट्याच्या वर होतं, गढूळ, थंडगार, त्यावर फुलांचं निर्माल्य आणि कुणाची तरी एक चप्पल तरंगत होती. देवळीतून काडेपेटी घेतली आणि शपथेवर सांगतो, त्या सहा पावलांत मला ख्रिस रेडफिल्ड आठवला. सहा खण, आणि त्यातला एक मी कॉम्प्युटरवर घालवला होता. वीज दोन दिवस आली नाही. त्या डब्यावर आम्ही पाण्याचा हंडा ठेवला.

तोवर 'रेसिडेंट एव्हिल' पार बदलून गेला होता. बदलाचं नाव २००५ चा चौथा भाग. कॅमेरा छतावरून उतरून लिऑन केनेडी या नायकाच्या खांद्यामागे आला, हवेलीच्या जागी स्पेनमधलं एक खेडं, झॉम्बींच्या जागी कुऱ्हाडी घेऊन धावत येणारे गावकरी. चौथा भाग वाईट म्हणणाऱ्याशी मी भांडेन. त्यात दहशतीपेक्षा धावपळ जास्त आहे, पण हिशोब आहे. सामानाची एक चौकटींची पेटी, त्यात बंदूक आडवी लावू की उभी, अंडं कुठे बसेल, असले प्रश्न. आजीला ती पेटी आवडली असती. पुढे बंदुकीच्या असंख्य खेळांनी खांद्यामागचा कॅमेरा उचलला, पेटी फारशी कुणी उचलली नाही.

खरी घसरण नंतरची. २००९ चा पाचवा मी पुण्याच्या फ्लॅटवर पार्टनरबरोबर खेळलो, कारण तो दोघांनी मिळून खेळावा असाच बेतलेला होता. रात्री दोनला पिझ्झा खात, खिदळत. भीती दोघांत वाटली की निम्मी होते असं म्हणतात, आमची शून्य झाली. शेवटाकडे ज्वालामुखीत ख्रिस एका प्रचंड दगडाला ठोसे मारून लोळवतो. आम्ही हसून लोळलो. त्याच माणसाच्या सहा खणांत काय बसवू म्हणून मी एकेकाळी वहीत याद्या केल्या होत्या. २०१२ चा सहावा तर चार वेगवेगळ्या कहाण्या, युरोप, चीन, हेलिकॉप्टर, स्फोट, गोळ्या संपल्या तर लाथाबुक्क्या. विकला गेला भरपूर, शिव्याही भरपूर खाल्ल्या. मला त्यात सगळ्यात जास्त कशाचा त्रास झाला सांगू? मरायची भीती नव्हती यापेक्षा, काही साठवून ठेवावंसं वाटत नव्हतं याचा. जे संपत नाही ते जपणार कोण.

माझंही तेव्हा तसंच चाललं होतं, हे कबूल करायला हरकत नाही. पगार बरा होता, फ्रीजमध्ये काय आहे ते आठवायची गरज नव्हती, संपलं की मागवायचं.

आजी २०११ ला गेली. वाडा त्यानंतर तीन वर्षं टिकला.

२०१५ च्या जानेवारीत पहिल्या भागाची नवी आवृत्ती कॉम्प्युटरवर आली. तशी ती जुनीच. मिकामींनी स्वतःच २००२ मध्ये गेमक्यूब नावाच्या मशीनसाठी पहिला खेळ नव्याने घडवला होता, तो आता स्वच्छ करून आणलेला. गेमक्यूब मी नाशिकमध्ये कुणाकडे पाहिला नव्हता, त्यामुळे मला सगळं पहिल्यांदाच. आणि ही आवृत्ती खेळताना प्रथमच कळलं की मुळाकडे परत जायचं म्हणजे काय करायचं असतं.

त्या हवेलीत एक लांब बोळ आहे, एका बाजूला खिडक्या. १९९६ च्या खेळात त्या बोळातून पहिल्यांदा जाताना काच फोडून कुत्रा आत उडी घेतो. ज्याने तो खेळला त्याच्या आयुष्यातून ती काच जात नाही. मी २०१५ ला त्या बोळाच्या तोंडाशी आलो, बंदूक ताणली, एक पाऊल टाकलं. काचेला तडा गेला. बस, फक्त तडा. कुत्रा आला नाही. मी पूर्ण बोळ तसाच ताठ अंगाने पार केला. बऱ्याच वेळाने, विसरून, घाईत परत आलो तेव्हा काच फुटली.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं की मी आधी येऊन गेलोय. पार्लरवाल्या दादाने ज्याला सांत्वन म्हणून सांगितलं होतं, 'तुला आता रस्ता माहितीये', त्याचाच त्यांनी सापळा केला होता.

आणि रॉकेल. या आवृत्तीत मेलेला झॉम्बी तसाच टाकून दिला तर तो काही वेळाने पुन्हा उठतो, लालभडक डोक्याचा, नखं वाढलेला, पहिल्यापेक्षा वेगवान. उठू द्यायचा नसेल तर जाळावा लागतो. त्यासाठी लायटर आणि रॉकेलची छोटी बाटली, आणि बाटलीत दोनदाच पुरेल इतकं. हवेलीत रॉकेल भरायच्या जागा ठरलेल्या. मी नकाशा समोर ठेवून कुठला झॉम्बी जाळायचा आणि कुठला सोडायचा याची यादी करत बसलो होतो, आणि अचानक निळ्या रॉकेलचा वास आला. रेशनचं रॉकेल निळं असायचं, आजी ते फनेलने मोजून स्टोव्हमध्ये ओतायची, आणि फनेलला चिकटलेले शेवटचे थेंब पडेपर्यंत फनेल हलवायची नाही. सोमवारी एवढं, गुरुवारी एवढं. पाहुणे आले तर त्या आठवड्यात आंघोळीचं पाणी चुलीवर.

दोन वर्षांनी, २४ जानेवारी २०१७ ला सातवा भाग आला. आम्ही गंगापूर रोडला फ्लॅट घेतला होता. सातव्याची पहिली झलक आदल्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात दाखवली तेव्हा जुने लोक भडकले होते. ना ख्रिस, ना जिल, ना रॅकून सिटी, आणि कॅमेरा तर थेट खेळणाऱ्याच्या डोळ्यांत बसवलेला. हा 'रेसिडेंट एव्हिल'च नाही, असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. मुळाकडे परतायचं तर कॅमेरा पुन्हा छताला टांगा, असं माझं मत होतं. मी चुकलो होतो.

कारण दिग्दर्शक कोशी नाकानिशी यांनी छतावरचा कॅमेरा न आणता घर आणलं. लुइझियानातल्या दलदलीत एक मोडकं घर, त्यात बेकर नावाचं कुटुंब, आणि तीन वर्षांपूर्वी हरवलेल्या बायकोचा निरोप आला म्हणून तिथे पोचलेला इथन विंटर्स नावाचा एक सामान्य माणूस. दगडाला ठोसे मारायची त्याची लायकी नाही. घरातली दारं लागलेली. किल्ल्यांवर विंचू, कावळा, साप. हिरवी वनस्पती परत, सामान ठेवायची पेटी परत, मोजकी जागा परत. टाइपरायटरच्या जागी टेपरेकॉर्डर, आणि सगळ्यात कठीण पातळी निवडली तर तिथे साठवायला कॅसेट लागते, मोजकी. शाईची फीतच ती, कपडे बदलून आलेली.

दारांचं त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. आता मशीन वेगवान झाली, खोली मागवायला वेळ लागत नाही, म्हणजे करकरणाऱ्या दाराचं जुनं कारण उरलं नाही. तरी इथन दाराला अंग लावतो आणि ते इंचाइंचाने उघडतं. आधी फट, फटीतून समोरच्या भिंतीचा तुकडा, मग टेबलाचा कोपरा. आमचा दिंडी दरवाजा असाच खांद्याने लोटावा लागायचा. पावसाळ्यात लाकूड फुगलं की दोन माणसं लागायची.

बायको झोपल्यावर मी हेडफोन लावून खेळायचो. घराचा मालक जॅक बेकर मरत नाही. तो घरभर हिंडतो, आणि मी कुठेतरी टेबलाखाली बसून त्याच्या पावलांचा आवाज मोजतो. पिस्तुलात पाच गोळ्या होत्या. त्या त्याच्यावर वाया घालवायच्या नाहीत, तळघरात लागतील. तेवढ्यात खांद्यावर हात पडला. मी जो ओरडलो तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला. बायको पाणी प्यायला उठली होती. ती म्हणाली, "दिवा लाव ना मेल्या." आमच्या फ्लॅटमध्ये सतरा दिवे आहेत, मी नंतर मोजले.

सातवा शेवटापर्यंत टिकत नाही, तेही सांगायला हवं. घर सोडून गोष्ट एका जहाजावर जाते आणि तिथे मला जांभया आल्या. जहाजात ओळखीचं काही नसतं. घरात शिरल्यावर पहिल्या तासात जे दार लागलेलं बघितलं ते चौथ्या तासात उघडतं, तेव्हा पोटात जे होतं ते जहाजात होऊच शकत नाही. पुढे २०१९ ला दुसऱ्या भागाचं नवं रूप आलं आणि पोलीस स्टेशनात टोपीवाला मिस्टर एक्स बूट वाजवत फिरायला लागला, ते चांगलं. २०२१ चा आठवा, बर्फातलं गाव आणि वाडाभर उंचीची ती बाई, मजेचा. २०२५ च्या जूनमध्ये नवव्या भागाची, 'रिक्विएम'ची झलक दाखवली, तर त्यात पुन्हा रॅकून सिटी, ढासळलेली, आणि तेच पोलीस स्टेशन खिळखिळं होऊन उभं. मी ती झलक चार वेळा पाहिली. चारही वेळा नजर माणसांवर नव्हती, कुठली भिंत शिल्लक आहे ते बघत होतो.

आमच्याकडे एकही शिल्लक नाही. २०१४ च्या उन्हाळ्यात वाडा उतरवला. उतरवला हाच शब्द, कारण आधी कौलं, मग वासे, मग तुळया, असं वरून खाली क्रमाने काढतात, लाकूड विकायचं असतं. मी शेवटच्या आठवड्यात एकदा गेलो होतो. माजघरावर छप्पर नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्या सहा खणांत ऊन पाहिलं. किती लहान खोली होती ती. फडताळाच्या मागे, बळदात, जिन्याखाली, जिथे जिथे काही असू शकतं तिथे तिथे मी हात घालून पाहिलं. मजुरांना वाटलं सोनं शोधतोय. मी कुलूप शोधत होतो, आखूड पितळेच्या किल्लीचं. मिळालं नाही.

गेल्या महिन्यात घर आवरताना बायकोने मोडीत घालायची भांडी काढली आणि मला पिशवी देऊन भांडी बाजारात पाठवलं. एक चेपलेला तांब्या, गळकं पातेलं, झाकण नसलेला डबा. पिशवीच्या तळाशी जुडगाही आलेला, मी बघितला नव्हता. दुकानदाराने एकेक करून तराजूत ठेवलं. जुडगा हातात घेऊन त्याने नखाने एक किल्ली खरवडली.

"दोन पितळेच्या, बाकी लोखंड. कुलपं आहेत का यांची?"

"नाही."

"मग द्यायचा का?"

मी तांब्या दिला, पातेलं दिलं, डबा दिला. जुडगा परत पिशवीत टाकला. पिशवी आता रिकामीच होती, जागा होती.